स्वस्त आणि रास्त

कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रेशनचं जे दुकान होतं, त्याला दोन नावं होती. पाटीवर 'रास्त भाव दुकान' आणि वर्तमानपत्रांत, सरकारी कागदांत 'स्वस्त धान्य दुकान'. महाराष्ट्रात ही दोन्ही नावं अजूनही एकाच दुकानाला वापरतात. लहानपणी मला रास्त म्हणजे स्वस्त असंच वाटायचं. आई मात्र हे दोन शब्द वेगळे ठेवायची. साखर वेळेवर आली की म्हणायची, भाव रास्त आहे. गव्हात खडे निघाले की म्हणायची, स्वस्त आहे म्हणून काहीही द्यायचं का?

आईचा हा फरक इतक्या वर्षांनी कामाला आला तो एका अनुवादात. इंग्लंडमधल्या फुटबॉलप्रेमींच्या तिकीटदरविरोधी चळवळीवरचा एक मोठा लेख मराठीत करायचा होता. त्यात पानागणिक एक जोडी येत होती : तिकीट 'फेअर' हवं आणि 'अफोर्डेबल' हवं. दुसऱ्या शब्दाला मराठीत फार चांगलं क्रियापद आहे. परवडणं. इंग्रजीत माणूस कर्ता असतो, त्याला ऐपत असते किंवा नसते. मराठीत 'मला हे तिकीट परवडत नाही' म्हणताना कर्ता तिकीट असतं. न परवडण्याचं काम ते करतं, मी नुसती 'मला' म्हणून बाजूला उभी. बंगालीतलं 'आमार पोषाय ना' हेही असंच, फक्त तिथे विभक्ती षष्ठी. आपल्या भाषांनी दोष खिशाकडून उचलून किमतीकडे ठेवला, हे मला आवडतं.

अडचण होती ती पहिल्या शब्दाची. तिकीट परवडतं की नाही हे ज्याचं त्याला कळतं. पण रास्त आहे की नाही हे ठरवायचं कुणी, आणि कशावरून?

लेखातला मुख्य प्रसंग लिव्हरपूलचा होता. 2016 च्या फेब्रुवारीत क्लबने पुढच्या हंगामाचे दर जाहीर केले. मैदानाचा मुख्य स्टँड मोठा होत होता, आणि तिथलं सर्वांत महाग तिकीट 59 पौंडांवरून 77 पौंडांवर जाणार होतं. 6 फेब्रुवारीला संडरलँडविरुद्धचा सामना होता. लिव्हरपूल 2-0 ने पुढे होतं. 77 वं मिनिट लागलं आणि सुमारे दहा हजार माणसं उठून चालती झाली. आपला संघ जिंकत असताना घरी जायला निघालेली दहा हजार माणसं, हे दृश्य क्लबच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात कुणी पाहिलेलं नव्हतं. पुढच्या काही मिनिटांत संडरलँडने दोन गोल मारले आणि सामना बरोबरीत सुटला. अनुवादकाने यात प्रतीक शोधू नये, पण मला मोह झाला. चार दिवसांनी मालकांनी माफी मागितली, 77 चं तिकीट मागे घेतलं आणि दर गोठवले.

मजा अशी की बाहेर पडलेल्यांतल्या बहुतेकांना ते 77 पौंडांचं तिकीट घ्यायचंच नव्हतं. त्यांच्या जागा दुसरीकडे होत्या. क्लबने तर काही अगदी स्वस्त तिकिटंही जाहीर केली होती, फक्त 9 पौंडांची, थोड्या सामन्यांसाठी. म्हणजे भांडण परवडण्याचं कमी आणि रास्तपणाचं जास्त होतं. वर्षभरापूर्वीच प्रीमियर लीगने ब्रिटनपुरते टीव्हीचे हक्क तीन हंगामांसाठी 513.6 कोटी पौंडांना विकले होते. परदेशातले हक्क निराळे. इतका पैसा दारातून आत येत असताना खिडकीतून आणखी चिल्लर कशाला गोळा करता, असा तो प्रश्न होता.

यावर अर्थशास्त्र शिकलेला माणूस शांतपणे म्हणतो : स्टेडियम भरतंय ना? मग किंमत बरोबर आहे. ज्याला महाग वाटतं त्याने घेऊ नये.

कांदे महागले की आपण कांदे कमी खातो, तसं. पण क्लब कांद्यासारखा नसतो. आमच्या कोल्हापुरात तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर यांचे सामने असले की अख्ख्या पेठा पायऱ्यांवर जाऊन बसतात. पाटाकडीलच्या घरात जन्मलेला मुलगा प्रॅक्टिसचं तिकीट दहा रुपयांनी स्वस्त आहे म्हणून तिकडच्या बाजूला जाऊन बसला, असं घडत नाही. घडलं तर त्याला घरी जेवायला मिळणार नाही. संघ निवडत नाहीत, तो लागतो. मातृभाषेसारखा. मराठी पुस्तकांच्या किमती वाढल्या म्हणून उद्यापासून कन्नडमध्ये विचार करायला लागू, असं मी ठरवू शकत नाही. (कोल्हापूरकराला कन्नड अगदीच परकी नाही, तरीही.) ज्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात जाताच येत नाही, त्याच्याबाबतीत 'दुकान भरलंय' हा किमतीच्या रास्तपणाचा पुरावा होत नाही. त्यातून फक्त एवढंच कळतं की तो अजून तग धरून आहे.

आणि दुकान भरलंय ते कुणी, हेही बघायला हवं.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कामाने इंग्लंडला गेला आणि एका मोठ्या क्लबचा सामना पाहून आला. साधं तिकीट मिळालं नाही, म्हणून जेवणासकट असलेलं महागडं पॅकेज घेतलं. रुपयांत आकडा ऐकून माझ्या बहिणीने कपाळाला हात लावला. पण तो म्हणाला, 'अगं, आयुष्यात एकदा.' त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बारा वर्षांचा असल्यापासून तो रात्री जागून त्या संघाचे सामने बघतोय, त्याचं प्रेम खोटं नाही. पण परत आल्यावर तो थोडा हिरमुसलेला होता. म्हणाला, 'मावशी, टीव्हीवर जेवढा आवाज येतो तेवढा तिथे नव्हता. माझ्या बाजूचा माणूस मोबाइलवर शूटिंग करत होता. त्याच्या पलीकडचाही.' मी विचारलं, 'आणि तू?' तो हसला. चित्रफीत त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर आधीच टाकलेली होती.

'आयुष्यात एकदा'ची किंमत आणि 'हंगामात एकोणीस वेळा'ची किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. प्रीमियर लीगमधल्या प्रत्येक क्लबचे घरच्या मैदानावर 19 सामने होतात, चषकस्पर्धा वेगळ्या. पर्यटकाला जे तिकीट महाग पण शक्य वाटतं, ते तिथल्या बसड्रायव्हरला एकोणीसने गुणून पाहावं लागतं, आणि मुलांना न्यायचं असेल तर पुन्हा डोक्यांनी गुणून. 2024 च्या अखेरीस मँचेस्टर युनायटेडने हंगामाच्या मध्यातच उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट 66 पौंड केला. मूल असो की पेन्शनर, सवलत नाही. एक बाप, दोन मुलं : 198 पौंड, एका दुपारचे. क्लबचं म्हणणं असेल की जागा तर विकल्या जातातच. जातात. माझ्या भाच्यासारखे लोक जगभर आहेत, आणि आपण भारतातले प्रेक्षक तर त्या गर्दीत फार मोठ्या संख्येने आहोत. तिकिटाची किंमत वर ओढणाऱ्या दोरीला आपलेही हात लागलेले आहेत, हे भाषांतर करताना मला हळूहळू कळत गेलं.

भाच्याला जो आवाज ऐकू आला नाही, तोच खरं तर विकला जातो. ही गोष्ट 2020 मध्ये अगदी उघडी पडली. साथीच्या काळात 16 मे रोजी जर्मन बुंडेसलीगा पुन्हा सुरू झाली ती रिकाम्या स्टेडियममध्ये. जर्मनांनी त्याला शब्द वापरला 'गाइस्टरश्पील', भुतांचे सामने. खेळाडूंचं ओरडणं, चेंडूचा ठोका आणि बाकी शुकशुकाट. मग वाहिन्यांनी जुन्या सामन्यांतला गर्दीचा आवाज वर चढवायला सुरुवात केली. गोल झाला की कुणीतरी बटण दाबायचं. पुढे इंग्लंडमध्येही तेच. म्हणजे टीव्हीवर जे विकायचं त्यात खेळाइतकाच गर्दीचा गजर असतो, हे विकणाऱ्यांनी स्वतःच कबूल केलं. सिनेमात गर्दीच्या दृश्यासाठी माणसं आणली तर त्यांना दिवसाचे पैसे द्यावे लागतात. फुटबॉलमध्ये तीच माणसं पैसे भरून आत येतात.

ज्या गर्दीबद्दल मी बोलते आहे तिचं सर्वांत प्रसिद्ध घर म्हणजे लिव्हरपूलचा 'कॉप'. गोलपोस्टच्या मागचा हा उतरता चौथरा. त्याचं नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप या टेकडीवरून आलं, जिथे 1900 मध्ये बोअर युद्धातली लढाई झाली आणि जिथून जखमींना वाहून नेणाऱ्या पथकात गांधीजी होते. भरभराटीच्या काळात त्या चौथऱ्यावर पंचवीस हजारांहून जास्त माणसं उभी राहत. बसायला खुर्च्या नाहीत, तिकीट स्वस्त, कारखान्यातून, गोदीतून सुटलेला माणूस थेट तिथे. 1994 नंतर तिथे खुर्च्या आल्या आणि माणसं निम्म्याहून कमी झाली.

खुर्च्या का आल्या, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 15 एप्रिल 1989 रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या प्रेक्षकांची चेंगराचेंगरी झाली. पिंजऱ्यासारख्या जाळीमागे दबून मेलेल्यांचा आकडा शेवटी 97 वर थांबला. त्यातला शेवटचा माणूस 2021 मध्ये गेला, त्याच दिवशीच्या जखमांनी. लॉर्ड जस्टिस टेलर यांच्या चौकशी अहवालाने 1990 मध्ये शिफारस केली की मोठ्या मैदानांवर सगळ्यांना बसायला जागा हवी. त्याच अहवालात त्यांनी हेही लिहिलं की म्हणून दर आवाक्याबाहेर जायचं कारण नाही, आणि ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचं उदाहरण दिलं : बसून बघायला 6 पौंड, उभं राहून 4. क्लबांनी अहवालातल्या खुर्च्या उचलल्या आणि दराचं वाक्य तिथेच राहू दिलं. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत दर कुठल्या कुठे गेले, आणि विचारलं की उत्तर तयार असतं : सुरक्षितता, सोयी, चांगली स्वच्छतागृहं, या गोष्टींना पैसा लागतो.

हे उत्तर मी झटकून टाकू शकत नाही. कारण स्वस्त तिकीट म्हणजे काय, हे मी कोलकात्यात पाहिलं आहे.

एम.ए.साठी मी जादवपूरला होते, तुलनात्मक साहित्य विभागात. तोवर मी एकही सामना मैदानावर जाऊन पाहिला नव्हता. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात वाढूनही नाही, कारण आमच्या घरातल्या मुली शाहू स्टेडियमवर जात नसत. आम्ही गच्चीवरून आरोळ्या ऐकून कुणाचा गोल झाला ते ओळखायचो. मला पहिल्यांदा मैदानात नेलं ते वर्गमैत्रिणीच्या वडिलांनी. बंगालीत मैत्रिणीच्या वडिलांना 'काकू' म्हणतात. भरघोस मिशांच्या त्या गृहस्थांना 'काकू' अशी हाक मारताना माझी मराठी जीभ दोन वर्षं अडखळली.

काकू राज्य सरकारच्या कचेरीत कारकून. घर फाळणीत बारिसालहून आलेलं, त्यामुळे ईस्ट बंगाल. तिथे हा प्रश्न विचारायचाच नसतो. संघ जिंकला की इलिश, मोहन बागान जिंकलं की शेजारच्या घरात चिंगडी, आणि आमच्याकडे नुसता डाळभात. जुन्या तिकिटांचे अर्धे तुकडे त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेले होते. तिकीट तेव्हा खरोखर स्वस्त होतं. माझ्या हॉस्टेलच्या मेसमधल्या दोन दिवसांच्या जेवणाइतकं. त्या पैशांत रिक्षावाला, प्राध्यापक, माशांचा व्यापारी, कॉलेजची पोरं एकाच पायरीवर. त्या दुपारी माझ्या डाव्या बाजूला बसलेला माणूस नव्वद मिनिटं एकच शिवी सतरा चालींत म्हणत होता. नंतर कुठल्याच सामन्यात मला इतकं आत असल्यासारखं वाटलं नाही.

आणि त्या मैदानावर बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. पाण्याची बाटली दारात काढून घेतलेली, आत पिण्याचं पाणी नाही. बाहेर पडायच्या वाटेवर दांडक्याने हाकत होते, गुरांना हाकतात तसं. काकूंनी माझ्याकडे आणि मैत्रिणीकडे बघून हात जोडल्यासारखं केलं. माफी मागत होते, जणू त्यांच्याच घरात पाहुणचार कमी पडला होता.

त्यांची एक सवय तेव्हा मला कळली नव्हती. ते नेहमी जिन्याच्या तोंडाशी बसत. तिथून अर्धं मैदान दिसायचं नाही, तरी तिथेच. मैत्रिणीने नंतर सांगितलं. 16 ऑगस्ट 1980 ला ते ईडन गार्डन्सवर होते. मोहन बागान–ईस्ट बंगाल सामन्यात मैदानावरची मारामारी गॅलरीत पसरली, पळापळ झाली आणि 16 प्रेक्षक मेले. हिल्सबरोच्या नऊ वर्षं आधी. दर वर्षी त्या तारखेला कोलकात्यात फुटबॉलप्रेमी दिवस पाळतात, रक्तदान होतं. डब्यात त्या दिवसाचं तिकीटही होतं, पण तो तुकडा ते कुणाला दाखवत नसत.

तेव्हा मला हे दोन शब्द वेगळे करता आले असते तर बरं झालं असतं. कोलकात्याचं तिकीट स्वस्त होतं, रास्त नव्हतं. तुम्ही थोडेच पैसे दिलेत, तेव्हा पाणी कशाला मागता, असा त्या स्वस्ताईचा सूर होता. गव्हातल्या खड्यांसारखा. आणि इंग्लंडमधला युक्तिवाद त्याच सुराची दुसरी बाजू आहे : माणसासारखं वागवून घ्यायचं असेल तर जास्त पैसे टाका. दोन्हीकडे गृहीत एकच, की मैदानावर जिवंत राहणं, पाणी पिणं, मुतारीला जाता येणं या तिकिटावर वरून मिळणाऱ्या सोयी आहेत. माझ्या मते त्या किमतीत धरायच्याच नाहीत. त्या वजा करून मग उरलेला भाव रास्त की कसा, याचं भांडण करावं. टेलरसाहेबांचे 6 आणि 4 पौंड मला त्यासाठीच महत्त्वाचे वाटतात. बसण्याची जागा आणि उभं राहण्याची जागा यांत फरक होता तो दोन पौंडांचा. बाकीचे पौंड नंतर, दुसऱ्या कारणांनी आले.

2025 च्या डिसेंबरात मेस्सी कोलकात्याला आला तेव्हा सॉल्ट लेकच्या त्याच स्टेडियममध्ये, जिथे 1997 च्या डर्बीला 1,31,781 माणसं आली होती, लोकांनी हजारो रुपयांची तिकिटं काढली. तो सामना नव्हता, नुसतं दर्शन. तो थोड्या वेळात निघून गेला, भोवतीच्या गराड्यामुळे कुणाला धड दिसला नाही, आणि लोकांनी खुर्च्या उखडून मैदानात फेकल्या. बातमी बघताना मला वाटलं, महाग आणि रास्त यांचीही एवढी फारकत होऊ शकते तर.

दोन्ही एकत्र कुठे सापडतं, याचं उत्तर या विषयावरचं कुठलंही लिखाण देतं : जर्मनी. डॉर्टमुंडच्या दक्षिणेकडच्या स्टँडवर आजही सुमारे पंचवीस हजार माणसं उभी राहून सामना बघतात, सुरक्षितपणे, आणि मोठ्या इंग्रजी क्लबांच्या मानाने किरकोळ किमतीत. त्यामागे एक नियम आहे, पन्नास अधिक एक. काही अपवाद सोडले तर क्लबमध्ये मतांचं बहुमत सभासदांकडे राहिलं पाहिजे, गुंतवणूकदार कितीही मोठा असो. म्हणजे तिकिटाचा दर ठरवणाऱ्याला निवडून देण्यात तिकीट काढणाऱ्याचा हात असतो. रास्त भाव ठरवायचा कुणी, या माझ्या प्रश्नाला मला मिळालेलं हे सर्वांत साधं उत्तर.

तिथले लोकही समाधानी असतात असं नाही. लिव्हरपूलच्या त्या उठून जाण्याला तीन दिवस झाले होते, 9 फेब्रुवारी 2016 ला डॉर्टमुंडचे पाठीराखे चषकाच्या सामन्यासाठी स्टुटगार्टला गेले. तिकिटं महाग होती. पहिली वीस मिनिटं ते आत आलेच नाहीत, आणि आल्यावर त्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकले, शेकड्यांनी. टेनिस कशासाठी, हे इंग्रजी बातम्यांतून कळत नव्हतं. मी पुण्यात मॅक्स म्युलर भवनात शिकलेलं थोडंफार जर्मन उकरून काढलं. जर्मनमध्ये एखादी गोष्ट झकास झाली की म्हणतात, 'ग्रोसेस टेनिस', मोठं टेनिस. दर लावणाऱ्यांना त्यांनी असं शाबासकीचं चिमटं काढलं होतं. मराठीत हे करायचं तर काय फेकावं लागेल, यावर माझे दोन दिवस गेले.

त्यांच्या चळवळीचं नाव 2010 पासूनचं : 'काइन त्स्वानी'. त्स्वानी म्हणजे विसाची नोट, लाडाने. उभं राहण्याच्या जागेला विसाची नोट मोडणार नाही, असा अर्थ. 2013 मध्ये इंग्लंडमधल्या प्रेक्षक संघटनेने पाहुण्या संघाच्या लोकांसाठी मोहीम काढली तिचंही नाव विसावरच, 'ट्वेंटीज प्लेंटी', वीस खूप झाले. एकीकडे वीस युरो, दुसरीकडे वीस पौंड. चलन वेगळं, रकमेची खरी किंमत वेगळी, पण हाताला सवय असलेली नोट तीच. त्याच वर्षी आर्सेनलच्या मैदानावर मँचेस्टर सिटीच्या वाट्याच्या तिकिटांपैकी 912 परत गेली होती, कारण एकाची किंमत 62 पौंड. सामना संपल्यावर साहाय्यक पंचानेच सिटीच्या खेळाडूंना सुचवलं म्हणे, की त्या लोकांकडे जाऊन या, बासष्ट पौंड भरलेत त्यांनी. लीगने अखेर 2016-17 पासून पाहुण्यांच्या तिकिटाला 30 पौंडांची मर्यादा घातली. विसाची मागणी तिसावर मिटली. घासाघीस करणाऱ्या कुणालाही हा आकडा ओळखीचा वाटेल.

तरी जर्मनीतली एक गोष्ट मला खटकत राहते. भाव कमी ठेवला की रांग लांबते. डॉर्टमुंडच्या त्या स्टँडचे हंगामी पास ज्यांच्याकडे आहेत ते सोडत नाहीत. दर वर्षी नूतनीकरण, आणि नव्याला वाट बघत राहणं. आज तिथला वीस वर्षांचा मुलगा परवडत असूनही बाहेर आहे, कारण त्याच्या बापाने वेळेवर पास काढला नव्हता. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हे माहीत आहे. भाव रास्त असला तरी आधी कार्ड लागतं, आणि पहाटे येऊन दगड ठेवून जागा धरावी लागते. तरीही पैसा आणि रांग यांत निवडायचं तर मी रांगेच्या बाजूने आहे. रांगेत पुढे सरकता येतं. पगाराच्या रांगेत बसड्रायव्हर लंडनच्या वकिलाच्या पुढे कधी जाणार?

अर्थशास्त्रवाल्याकडे शेवटचा मुद्दा उरतो आणि तो भक्कम आहे. लोक शंभर द्यायला तयार असताना तुम्ही वीसला विकलंत, तर मधले ऐंशी जातील काळाबाजारवाल्याच्या खिशात. क्लबालाही नाहीत, प्रेक्षकालाही नाहीत. याला इंग्लंड-जर्मनीतून उदाहरण आणायची गरज नाही. 29 जुलै 1911 ला कोलकात्यात मोहन बागानने बहुतेक खेळाडू अनवाणी असताना ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवून आयएफए शील्ड जिंकली, त्या दिवशी एक-दोन रुपयांचं तिकीट पंधरा रुपयांना विकलं गेल्याचं सांगतात. ढाक्याहून, आसामातून लोक आलेले. पंधरा रुपये म्हणजे तेव्हा कितीतरी जणांचा महिन्याचा पगार. यावर उपाय म्हणून तिकीटच पंधराला विकायचं, हे मला अजूनही पटत नाही. नावावर तिकीट द्यावं, परत करायचं तर क्लबकडेच आणि मूळ किमतीत. हे आता यंत्राने सहज होतं आणि काही ठिकाणी होतंही.

1911 च्या त्या दुपारी आत गेलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसं बाहेर मैदानात उभी होती. झाडांवर, खोक्यांवर चढलेली, आणि ज्यांना तेही जमलं नाही ती नुसतीच वर बघत. आतून कुणीतरी पतंग उडवत होतं. गोल झाला की पतंगावर आकडे चढत आणि मागच्या रांगांना कळे, एक-एक झाले, मग दोन-एक. काकूंच्या वडिलांनी बारिसालमध्ये ही गोष्ट लहानपणी ऐकली होती. संघ मोहन बागान होता, तरीही ती त्यांच्या घरात सांगितली जायची.